पाल्याचं काम, कातडीचं काम

उजेड बरा असेल अशा जागी बसा आणि अंगावरचा एखादा जुना व्रण शोधा. गुडघ्यावर सापडेल, हनुवटीखाली सापडेल. डाव्या हाताच्या बोटावर विळीने नाहीतर खुरप्याने ओढलेली रेघ तर पुष्कळांच्या असतेच. सापडला की त्यावरून दुसऱ्या हाताचं बोट हळू फिरवा. आसपासच्या कातडीपेक्षा तो गुळगुळीत लागतो. जखम खोल झाली असेल तर तिथे लव नसते, घामाची छिद्रं नसतात, आणि रंगही थोडा उजळ नाहीतर काळसर असतो.

आता आठवून बघा, तेव्हा त्यावर काय लावलं होतं. कुणी हळद दाबली असेल, कुणी पाला चोळून रस पिळला असेल, कुणी नुसतंच बोट तोंडात घातलं असेल. जखम भरली एवढं नक्की. ती कशामुळे भरली, हा प्रश्न घेऊन थोडा वेळ बसायचं आहे. उत्तर चटकन सुचलं तर ते बाजूला ठेवा.

डोळे मिटा आणि पातं आत गेलं त्या क्षणाकडे जा. पहिल्या क्षणी रक्त येत नाही, हे आठवतं का? आधी एक पांढरट रेघ दिसते, एक श्वास जातो, आणि मग ती लाल भरून येते. कापलेल्या रक्तवाहिन्या अंग चोरून घेतात. रक्तातल्या प्लेटलेट पेशी तिथे येऊन चिकटतात, एकमेकींना धरतात. पाठोपाठ फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे विणले जातात आणि काही मिनिटांत गुठळी बसते. तुम्ही “आई गं” म्हणून घरभर हळदीचा डबा शोधत होता, तेव्हा हे काम सुरू झालेलं होतं.

पुढच्या काही तासांत पांढऱ्या पेशी येतात. दोन-तीन दिवसांत त्यांची जागा मोठ्या भक्षक पेशी घेतात. मेलेले जंतू, मेलेलं मांस, धुळीचे कण असं सगळं त्या गिळतात. जागा लाल होते, गरम लागते, ठणकते. या ठणक्याला आपण बिघाड समजतो आणि तो दाबायला बघतो. खरं तर पहिल्या दोन-तीन दिवसांचा बेताचा ठणका ही साफसफाई असते. तो वाढतच गेला, लाली पसरत गेली, पू धरला, ताप आला, तर मात्र गोष्ट वेगळी.

मग भरणी. खपलीखाली लालबुंद, ओलसर, दाणेदार मांस चढतं. नव्या केशवाहिन्या फुटतात, कोलॅजेनचे धागे पडतात. जखमेच्या काठावरच्या कातडीच्या पेशी जागा सोडून मध्याकडे सरकू लागतात आणि दोन्ही काठ एकमेकांना भेटेपर्यंत थांबत नाहीत. वरून जखम मिटली तरी आतलं काम वर्षभर चालू राहतं. पहिल्या आठवड्याअखेर त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम ३ टक्के असते, तीन आठवड्यांनी साधारण ३० टक्के, आणि तीन महिन्यांनी फार तर ८० टक्के. त्यापुढे ती वाढत नाही.

इथे थांबा. एवढ्या वर्णनात पाल्याचं नाव कुठेच आलं नाही. ते न आणताही गोष्ट पूर्ण होते, हे आधी मनात नीट मुरू द्या. पाल्याचा प्रश्न त्यानंतरच विचारता येतो: जे काम कातडी स्वतः करते, त्यात झाड कुठे उपयोगी पडतं?

आता मनाने शेताच्या बांधावर या. दगडी पाला तुमच्या ओळखीचा असेल. कुठे त्याला एकदांडी म्हणतात, कुठे जखमजोडी. जमिनीलगत पसरलेलं झाड, समोरासमोर पानं, पानांच्या कडा करवतीसारख्या कापलेल्या, आणि दोन्ही अंगांना ताठ पांढरी लव. पान बोटात धरलं की खरखर लागते. मधूनच वीतभर उंच, पान नसलेला एकच दांडा उठतो आणि त्याच्या टोकाला एक फूल असतं: मध्ये पिवळं, भोवती मोजक्या फिकट पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. खुरपताना बोट कापलं तर हातातलं काम न सोडता बाई चार पानं खुडते, तळहातावर ठेवून अंगठ्याने रगडते, आणि गडद हिरवा रस जखमेवर पिळते. चोथा वर दाबते. क्षणभर चांगलंच झोंबतं. रक्त थांबतं आणि काम पुढे सुरू होतं.

हे झाड मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं आहे. प्राचीन शल्यवैद्य सुश्रुताने ते पाहिलेलं असणं शक्यच नाही. म्हणजे ज्याला आपण सहज ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हणतो, ती या पाल्यापुरती काही शतकांचीच. मला हे कमीपणाचं वाटत नाही. एक परकं तण बांधावर आलं, कुणीतरी ते कापलेल्या बोटावर लावून पाहिलं, गुण दिसला, शेजारणीला सांगितलं. कुठलाही ग्रंथ हाताशी नसताना हे ज्ञान गावोगाव पोचलं. या अनाम बायकांच्या निरीक्षणाला मी पोथीच्या आधाराइतकाच मान देतो.

पण मान देणं वेगळं आणि प्रश्न न विचारणं वेगळं. त्या रसात काय आहे? इतर द्रव्यांबरोबर तुरट टॅनिन आहेत. टॅनिन प्रथिनांना धरून आवळतं. बाभळीच्या सालीने चामडं कमावलं जातं ते याच गुणाने, आणि कोऱ्या चहाने जीभ आखडते तीही यानेच. जखमेच्या तोंडावर असं काही लागलं की वरचा थर आकसतो, पाझर कमी होतो. आणि दुसरी गोष्ट, जी आपण मोजतच नाही: बाई चोथा वर दाबते. वाहत्या जखमेवर घट्ट दाब हा प्रथमोपचाराचा पहिला धडा आहे. घरी हळद लावतानाही आपण ती दाबूनच लावतो. मग थांबलेल्या रक्ताचं श्रेय पाल्याचं किती, हळदीचं किती आणि अंगठ्याचं किती? हा प्रश्न थोडा वेळ उत्तराशिवाय राहू द्या.

अशी गुंतागुंत सोडवायला प्रयोगशाळा असते. दगडी पाल्यावर, हळदीवर, कडुनिंबावर, कोरफडीवर झालेल्या प्रयोगांचे निबंध ढिगाने आहेत आणि त्यातले बरेच उत्साह वाढवणारे आहेत. मात्र बहुतेकांमध्ये जखम उंदराची असते. उंदराची कातडी चिमटीत धरून उचला, ती खालच्या मांसापासून सैल सुटून येते. तिच्याखाली स्नायूचा एक पातळ पडदा असतो आणि जखम झाली की तो ती भराभर आक्रसून घेतो. माणसाच्या अंगावर तसा पडदा जवळजवळ नाहीच. आपली जखम मुख्यतः नवं मांस भरून आणि काठाची कातडी सरकून मिटते. म्हणून ‘अर्काने उंदराची जखम इतके दिवस आधी मिटली’ हे वाक्य खरं असूनही तुमच्या बोटाबद्दल फार थोडं सांगतं. या बाबतीत डुक्कर माणसाला जास्त जवळचं, पण उंदीर स्वस्त पडतो.

आणि ‘अर्क’ म्हणजे तरी कशाचा? एका पानात शेकडो द्रव्यं असतात. पाण्यात उकळलं तर एक घोळका बाहेर येतो, तेलात शिजवलं तर दुसरा, मद्यार्कात मुरवलं तर तिसरा. आपल्या वैद्यांना हे माहीत होतं. स्वरस, कल्क, काढा, हिम, फांट अशा पाच वेगळ्या रीती त्यांनी ठरवल्या त्या उगाच नव्हेत. वड, पिंपळ, औदुंबर अशा झाडांच्या सालींचा काढा जखम धुवायला, आणि तेलं-तुपं नंतर भरून यायला. सुश्रुताने व्रणावर साठ उपक्रम सांगितले. त्यांत लेप आहेत तसे चिरणं, पू काढणं, शिवणं, बांधणंही आहे. जखमी माणसासाठी स्वच्छ, वारा न लागणारी वेगळी खोली असावी आणि तिथे मोहरी, कडुनिंबाची पानं, तूप, मीठ यांची धुरी द्यावी, हेही त्याने लिहून ठेवलंय. वनस्पती त्याच्या योजनेतला एक भाग होती. आज आपण तेवढाच भाग उचलतो आणि बाटलीवर सुश्रुताचं नाव छापतो. अगदी जात्यादि तेलातसुद्धा जाईच्या पानांबरोबर, हळदीबरोबर मोरचूद पडतो, म्हणजे तांब्याचा क्षार. ‘फक्त वनस्पती’ हा हट्ट जुन्यांचा नव्हता.

आता मुंबईत, परळला येऊ. बाई जेरबाई वाडिया रुग्णालयात भाजलेली मुलं येत. भाजलेल्या जागी कापसाची जाळीदार पट्टी लावली की ती सुकून मांसाला चिकटते आणि बदलताना नवी आलेली कातडी घेऊनच सुटते. मुलाचा आकांत ज्याने ऐकला असेल त्याला पुढचं सांगायला नको. परदेशी आवरणं परवडणारी नव्हती. तिथले डॉ. मनोहर केसवानी यांनी १९८५ मध्ये एक उपाय मांडला: उकडलेल्या बटाट्याच्या साली. साली पट्टीवर ओळीने चिकटवायच्या, निर्जंतुक करायच्या आणि आतली बाजू जखमेकडे ठेवून बांधायच्या. पट्टी चिकटेना, बदलताना त्रास होईना. बटाट्यात काही औषधी द्रव्य असेल का, हे पुढे तपासलं गेलं. पण साल उपयोगी पडत होती ती मुख्यतः ओल धरून ठेवते म्हणून. नंतर मुंबईतच केळीच्या पानाचा वापर झाला. मेणचट, गुळगुळीत आणि मोठं असल्यामुळे ते सालींपेक्षाही सोपं आणि स्वस्त पडलं.

ओल का महत्त्वाची? जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या अंगावरच्या उथळ जखमा पाहिल्या. काही उघड्या ठेवून सुकू दिल्या, काही पातळ पडद्याखाली ओलसर ठेवल्या. ओलसर जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने पसरली. कारण सरळ आहे. सरकणाऱ्या पेशींना ओली वाट लागते. वर कडक खपली असेल तर त्यांना तिच्याखालून, खोलातून वाट काढावी लागते. ‘जखम उघडी ठेव, वारा लागू दे’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. या एका सल्ल्यापाशी जरा रेंगाळा. तो किती प्रेमाने दिला गेला होता आणि तरीही तो अपुरा होता.

हळदीकडे वळल्याशिवाय हे मनन मराठी घरात पुरं होणार नाही. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ‘जखम भरण्यासाठी हळदीचा वापर’ यावर पेटंट मिळालं. आपल्याकडे संताप उसळला. सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी ते आव्हान अंगावर घेतलं आणि ३२ जुने संदर्भ पुढे ठेवले. त्यांत संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ होते आणि १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक निबंधही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. ही लढाई न्याय्य होती आणि ती जिंकली, याचा आनंद मलाही आहे. पण नीट पाहा, निकाल कशावर लागला? हे ज्ञान नवं नाही, एवढ्यावर. हळद जखम किती भरते, कुठली भरते, किती लावावी, हे तिथे तपासायचंच नव्हतं. आपण मात्र त्या विजयातून परस्पर हेही सिद्ध झाल्याचं मानून टाकलं. हळदीतलं कर्क्युमिन काचेच्या बशीत दाह कमी करताना दिसतं, हे खरं. ते पाण्यात विरघळायला फार नाखूष असतं आणि उजेडात टिकत नाही, हेही खरं. आणि डब्यातली पूड चपातीच्या पिठाच्या हातांनी, ओल्या चमच्यांनी हाताळलेली असते. ती निर्जंतुक नसते.

कोरफडीची गोष्ट आणखी शिकवणारी. पान आडवं कापून उभं धरा. आधी सालीलगतचा पिवळा, कडू चीक ओघळतो. तो कातडीला खाज आणू शकतो, म्हणून निथळू द्यायचा. आतला गर पारदर्शक, बुळबुळीत, बराचसा पाणीच. उथळ भाजलेल्या जखमा त्याने लवकर भरल्याचं काही अभ्यासांत दिसलं. म्हणजे गुण आहे? थांबा. १९९१ मध्ये अमेरिकेत एक छोटा अभ्यास छापून आला. पोटावरच्या शस्त्रक्रियेनंतर जखम उकललेल्या मोजक्या स्त्रिया होत्या. टाके न घालता जखम तळापासून भरू द्यायची होती. नेहमीच्या उपचाराने ती सरासरी ५३ दिवसांत भरली. कोरफडीचा गर लावलेल्या स्त्रियांना ८३ दिवस लागले.

तीच कोरफड, पण जखम वेगळी. हे वाक्य मनात दोनदा म्हणा. ‘कोरफड जखमेला चांगली की वाईट’ या प्रश्नाला उत्तर नाही. प्रश्नच कच्चा आहे.

मग पक्का प्रश्न आणि पक्कं उत्तर कसं दिसतं, ते बघू. भूर्जपत्रांवरच्या पोथ्या तुम्ही संग्रहालयात पाहिल्या असतील. भूर्ज हिमालयातला, त्याचे भाऊबंद युरोपभर पसरलेले आहेत, तिथे त्यांना बर्च म्हणतात. त्यांच्या सालीचा पांढरेपणा बेट्युलिन नावाच्या द्रव्यामुळे येतो, आणि ते १७८८ मध्येच वेगळं काढलं गेलं होतं. या सालीच्या कोरड्या अर्काचा १० टक्के भाग आणि सूर्यफुलाचं तेल ९० टक्के, असा एक मलम आज औषध म्हणून मान्य आहे. अर्क काढायला हेप्टेन नावाचं रसायन लागतं. ‘रसायनमुक्त’ म्हणून मिरवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. तो कुणासाठी आहे? एपिडर्मोलिसिस बुलोसा नावाच्या आनुवंशिक आजारातल्या मुलामाणसांसाठी. या आजारात कातडीचे थर एकमेकांना धरून ठेवणारी प्रथिनं सदोष असतात. सदऱ्याची शिवण घासली तरी फोड येतात, साल निघते, आणि हे जन्मभर चालतं.

या मलमाची परीक्षा २२३ रुग्णांवर झाली. अर्ध्यांना सालीच्या अर्काचा मलम, अर्ध्यांना दिसायला तसाच, तेलाचाच, पण अर्क नसलेला. आधीच ठरवून ठेवलेली एकेक जखम ४५ दिवस पाहिली. अर्काच्या मलमाने शंभरातल्या सुमारे ४१ जखमा पूर्ण मिटल्या, बिनअर्काच्या मलमाने सुमारे २९. या आधारावर २०२२ मध्ये युरोपने आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने त्याला परवानगी दिली.

या दोन आकड्यांसमोर शांत बसा. पहिली प्रतिक्रिया कदाचित निराशेची असेल: एवढंच? शंभरात बारा जास्त? पण आधी २९ कडे पाहा. त्या जखमा अर्काविना, नुसत्या तेलकट आच्छादनाखाली, कातडीने आपल्या बळावर मिटवल्या. तीही अशा कातडीने, जी जन्मापासून दुबळी आहे. आणि मग त्या बारांकडे पाहा. तेवढं काम झाडाचं आहे, निर्विवाद झाडाचं. रोज पट्ट्या बदलणाऱ्या घरात बारा हा लहान आकडा नाही. आपल्या दगडी पाल्याचा, आपल्या हळदीचा असा बारा, पाच किंवा शून्य आकडा माणसांवर, एवढ्याच काटेकोरपणे कुणीतरी काढावा, असं मला मनापासून वाटतं. पेटंट वाचवण्याइतकंच ते निकडीचं आहे, आणि शून्य आला तरी तो छापायची तयारी हवी.

आता शेवटचं मनन हाताने करायचं आहे. पुढच्या वेळी बोट कापेल तेव्हा डब्याकडे धावण्याआधी जखम नळाच्या स्वच्छ वाहत्या पाण्याखाली धरा. माती, कचरा निघून जाऊ द्या. मग स्वच्छ फडकं दाबून धरा. दर अर्ध्या मिनिटाला उचलून बघू नका, पाच-दहा मिनिटं तसंच दाबून ठेवा. रक्त थांबलं की झाका. उथळ खरचटण्यावर किंवा लहानशा भाजल्यावर कोरफडीचा गर लावायचा असेल तर जागा आधी गार पाण्याने धुतलेली असू द्या. खोल, तोंड उघडलेल्या, तळ न दिसणाऱ्या जखमेत मात्र पाला, हळद, कॉफी, तंबाखू, चुना काहीही भरू नका. डॉक्टरला आधी ते सगळं धुऊन काढावं लागतं, आणि त्या धुण्याने होणारा त्रास जखमेपेक्षा जास्त असू शकतो.

बांधावरचा पाला मातीत वाढतो आणि धनुर्वाताचे जंतू मातीतच राहतात. घाणेरडी जखम झाली आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटून गेली असतील, किंवा ते कधी घेतलं हेच आठवत नसेल, तर पाल्याच्या भरवशावर न राहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरात मधुमेह असलेलं कुणी असेल तर आज रात्री त्यांचे तळपाय उजेडात बघा, बोटांच्या बेचक्यांसकट. त्यांच्या पायाची संवेदना गेलेली असू शकते, जखम झालेली त्यांना कळत नाही. तशी जखम दिसली तर घरगुती लेप लावत दिवस घालवू नका, लगेच डॉक्टरला दाखवा.